अमीलिओरेट म्हणजे सुधारणं, पण आधी बिघडलं काय होतं?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, एका नोकरीसाठी अर्ज लिहिला. कस्टमर सर्व्हिसचा अनुभव आहे म्हणून त्यात तीन वाक्यं टाकली. पहिलं, 'आय अमीलिओरेटेड द एक्सलंट क्वालिटी ऑफ अवर सर्व्हिस.' दुसरं, 'आय इम्प्रूव्ड द कम्प्लेन्ट्स ऑफ ओल्ड कस्टमर्स.' तिसरं, 'ड्युरिंग द स्टाफ शॉर्टेज, आय इम्प्रूव्ड द सिच्युएशन.' ओळखीच्या एका मॅडमना वाचायला दिलं तर त्यांनी अमीलिओरेटेडच्या खाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'एक्सलंट होती ना, मग अमीलिओरेट काय केलंस?' मी डिक्शनरी बघितली, तिथे स्वच्छ लिहिलंय सुधारणे. मग चूक काय? दोनदा इम्प्रूव्ह आलं म्हणून तिसऱ्यांदा दुसरा शब्द शोधला एवढंच. अलेव्हिएट, मिटिगेट हेपण तेच का? आणि इंटरव्ह्यूत हा शब्द उच्चारायचा कसा? वापरू की सोडून देऊ? - गोंधळलेली"

अगं गोंधळलेली, मॅडमची रेघ बरोबर आहे आणि डिक्शनरीपण बरोबर आहे, लोच्या मधल्या जागेत झालाय. सुधारणे हा मराठी शब्द एवढा मोठा आहे ना की त्यात काहीही मावतं, अक्षर सुधारतं, तब्येत सुधारते, वाया गेलेला मुलगा सुधारतो, मसुद्यातली चूक सुधारतात. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद मिळू शकतं, आणि छोट्या डिक्शनरीत जागा कमी म्हणून सगळ्यांसमोर एकच सुधारणे टाकून मोकळे होतात. मग आपण त्या यादीतनं सगळ्यात भारी दिसणारा उचलतो. मीपण उचललाय, ते सांगतेच पुढे.

अमीलिओरेट म्हणजे जे वाईट आहे, त्रासाचं आहे, सहन होत नाहीये, ते आधीपेक्षा बरं करणं. बास. म्हणजे हा शब्द वाक्यात एकटा येत नाही, येताना "इथे काहीतरी वाईट होतं" ही कबुली सोबत घेऊनच येतो. इम्प्रूव्हला तसली अट नाही, चांगलं होतं ते आणखी चांगलं केलं तरी इम्प्रूव्ह, वाईट होतं ते बरं केलं तरी इम्प्रूव्हच. तू एक्सलंट लिहिलंस आणि पुढच्याच दमात अमीलिओरेट, म्हणजे एका हाताने हार घातलास आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेतलास.

त्यात अजून एक बारकावा आहे आणि माझ्या मते खरी मजा त्यातच आहे. हा शब्द पूर्ण बरं झाल्याचं वचन देत नाही. घरात कुणाला १०३ ताप होता आणि दुसऱ्या दिवशी १०० वर आला तर आपण काय म्हणतो? "उतार पडलाय." बरा झाला असं म्हणत नाही, म्हटलं तर म्हातारी माणसं लगेच टोकतात की अजून अंगात आहे, उठू नकोस. तर अमीलिओरेट म्हणजे उतार पाडणं. दुखणं अजून आहे, पण काल जेवढं होतं तेवढं नाही. मला कुणी एकाच मराठी शब्दात सांग म्हटलं तर मी सुधारणे सांगत नाही, सुसह्य करणे सांगते, आणि बोलीत सांगायचं तर हेच, उतार पाडणं.

मूळ लॅटिन आहे आणि ते कळलं की शब्द डोक्यात पक्का बसतो म्हणून सांगते. लॅटिनमध्ये चांगल्याला बोनस म्हणतात, त्याहून चांगल्याला मेलिओर आणि सगळ्यात चांगल्याला ऑप्टिमस. आपण संस्कृतमधनं तर आणि तम घेतले ना, प्रियतर प्रियतम, आणि त्या दोन प्रत्ययांना जोडूनच आपला तारतम्य हा शब्द झाला, तसंच हे. मेलिओर हा तर आहे, ऑप्टिमस हा तम आहे. म्हणून ऑप्टिमाइझ म्हणजे शक्य तेवढं उत्तम करणं आणि अमीलिओरेट म्हणजे फक्त आहे त्याहून बरं करणं, उत्तमाची गोष्टच नाही तिथे. दुसऱ्या बाजूला वाईटाची पण अशीच शिडी आहे, मालुस, पेयोर, पेसिमुस, त्यातल्या मधल्यापासून पेजोरेटिव्ह आला म्हणजे तुच्छतादर्शक आणि शेवटच्यापासून पेसिमिस्ट, ज्याला सगळं वाईटात वाईटच होणार असं वाटतं.

आता सुरुवातीचा तो अ. मराठी माणसाला इथे हमखास चकवा बसतो, कारण आपल्याकडे अ लागला की अर्थ उलटा, शक्य-अशक्य, सत्य-असत्य, मग अ-मीलिओरेट म्हणजे न सुधारणं की काय! तसं नाहीये. इंग्रजीत आधी सोळाव्या शतकात मेलिओरेट आला, अर्थ हाच, मग अठराव्या शतकात फ्रेंच अमेलिओरेच्या वळणावर त्याच्या पुढे अ लागला आणि हळूहळू अ वाल्याने बिनअ वाल्याला बाजूला सारलं. मेलिओरेट अजून डिक्शनरीत आहे, कुणी वापरत नाही फारसं. तर अ ने अर्थात काहीही फरक केलेला नाही, तो नुसता पाहुणा येऊन कायमचा राहिलाय.

उच्चार विचारलास. अ-मी-लि-अ-रेट, जोर मी वर. मी लिहिताना ओ लिहितेय कारण स्पेलिंगमध्ये ओ आहे, पण बोलताना तो ओ अगदी पुसट होतो, अ सारखाच. अमेरिकन लोक तर अजून आवळतात, अ-मील-य-रेट. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा अ-मे-लि-ओ-रेट, पाचही अक्षरं दणादण आपटत, तो कळतो सगळ्यांना पण टाळ. नाम केलंस की जोर सरकतो, अमीलिओरेशनमध्ये तो रे वर जातो. आणि स्पेलिंगसाठी एक युक्ती, डिटीरिओरेट म्हणजे खालावणं हा शब्द घे, तो याचा बरोबर उलटा आहे आणि दोघांची शेपटी सेम आहे, आय-ओ-आर-ए-टी-ई. एकाची शेपटी पाठ झाली की दुसऱ्याची फुकट. एम एकच, एल एकच, दोन करू नकोस.

आता अलेव्हिएट आणि मिटिगेट. तिघं भाऊ दिसतात पण स्वभाव वेगळे. अलेव्हिएटच्या पोटात लॅटिन लेविस आहे म्हणजे हलका, तर अलेव्हिएट म्हणजे ओझं हलकं करणं. दुखणं, भूक, ताण, गर्दी, जे माणसावर भार होऊन बसतं ते अलेव्हिएट होतं. याच्या उलट अ‍ॅग्रव्हेट, त्याच्या पोटात ग्राविस म्हणजे जड, आधीच दुखतंय त्यात वजन वाढवलं. हलकं आणि जड ही जोडी लक्षात ठेवली की दोन्ही शब्द कधी विसरत नाहीत. मिटिगेटच्या पोटात मितिस म्हणजे मऊ, सौम्य. धार बोथट करणं. म्हणून ज्याचा फटका बसणार आहे किंवा बसतोय त्याला मिटिगेट, रिस्क मिटिगेट करतात, पुराचं नुकसान मिटिगेट करतात, हवामानबदलाच्या चर्चेत मिटिगेशन तर प्रत्येक पानावर असतं. कोर्टात मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात तेव्हा आरोपी सुटत नाही, गुन्हा तोच राहतो, फक्त शिक्षेची धार कमी होऊ शकते.

अमीलिओरेट मात्र स्थिती बघतो. भार किती, धार किती हे त्याचं काम नाही, एकूण अवस्था काल कशी होती आणि आज कशी आहे हे त्याचं काम. म्हणून त्याच्या पुढे कंडिशन्स, सिच्युएशन, सिम्प्टम्स, इफेक्ट्स, पॉव्हर्टी असले शब्द सहज बसतात. रिस्क अमीलिओरेट केली असं लिहितात लोक पण तिथे मिटिगेटच चपखल. एफिशियन्सी अमीलिओरेट केली हे तर चुकीचंच वाटतं, कारण एफिशियन्सी हा काही आजार नाही, तिथे इम्प्रूव्ह किंवा फार तर एन्हान्स. चूक अमीलिओरेट होत नाही, चूक करेक्ट होते. आणि माणूस तर अजिबात अमीलिओरेट होत नाही, पेशंटची सिम्प्टम्स होतात, पेशंट नाही. सफरिंगबद्दल जाणकारांत थोडी कुरबुर आहे, दुःख "अधिक चांगलं" कसं होईल, कमी होईल ना, म्हणून तिथे अलेव्हिएटच घ्या असं काही जण म्हणतात. तर्क बरोबर आहे पण सफरिंगसोबत अमीलिओरेट चांगल्या लिहिणाऱ्यांच्या हातून इतक्यांदा आलंय की मी तिथे लाल पेन उचलत नाही.

आणखी एक शब्द मला यात घालायचाच आहे, पॅलिएट. पॅलिएटिव्ह केअर ऐकलं असशील. त्याच्या मुळाशी लॅटिन पालियुम आहे म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, झगा. पॅलिएट म्हणजे मुळात पांघरूण घालणं! आपण पण चुकांवर पांघरूणच घालतो ना, आणि इंग्रजीत जुना अर्थ तोच होता, दोष झाकणं. पुढे आजाराच्या बाबतीत आला, मूळ रोग जात नाही पण त्रास झाकला जातो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोधडी उचललेली बघून मला दर वेळी गंमत वाटते.

बरं, आता माझी फजिती. नवीन नोकरीत होते, साहेब बदली होऊन चालले होते आणि निरोपाचं इंग्रजी मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण मी "इंग्रजीवाली". मी जोरात लिहिलं की साहेबांनी आल्यापासून आपलं डिपार्टमेंट अमीलिओरेट केलं. वाचून दाखवलं, साहेब खूश, टाळ्या. पण त्यांच्या आधी ज्या बाई ते डिपार्टमेंट बघायच्या त्या समोरच्याच रांगेत बसलेल्या, आणि त्यांना त्या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वेळी वाईट होतं तर." मला दोन मिनिटं कळलंच नाही की मी काय बोलले, आणि कळलं तेव्हा त्या जिना उतरून गेल्या होत्या. कौतुक करताना हा शब्द वापरला की कौतुक एकाचं होतं आणि आदल्याची निंदा होते, दोन्ही एकाच क्रियापदात. तुझ्या अर्जात तेच होतंय, फक्त तिथे आदली तूच आहेस किंवा तुझी कंपनी.

हा शब्द किती मोजून मापून बोलतो ते बघायचं असेल तर इतिहासातलं एक उदाहरण आहे, जरा कडू आहे. कॅरिबियनमधल्या लीवर्ड आयलंड्स या ब्रिटिश वसाहतीत १७९८ साली एक कायदा झाला, अमीलिओरेशन अ‍ॅक्ट. कशाचं अमीलिओरेशन? तर गुलामांच्या अवस्थेचं. पुढे १८२३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात तेव्हाचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी ठराव आणले, तेही याच धोरणाचे, बायकांना फटके मारू नका वगैरे गोष्टी वसाहतींना सुचवल्या गेल्या. आता शब्द नीट बघ. गुलामगिरी जाणार नाही. माणूस विकत घेतलेलाच राहील. फक्त त्याचे हाल थोडे कमी होतील, आणि कागदावर ते चांगलंही दिसेल. गुलामगिरी काढून टाकायची वेळ आली तेव्हा कायद्याला वेगळा शब्द लागला, अ‍ॅबॉलिशन, तो कायदा १८३३ चा आणि अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून. अमीलिओरेट आणि अ‍ॅबॉलिश यांच्यामध्ये केवढं अंतर आहे ते त्या ३५ वर्षांत दिसतं. म्हणून कुठल्या संस्थेने, सरकारने, कंपनीने आपण अमुक समस्या अमीलिओरेट करतोय म्हटलं तर मी लगेच कान टवकारते, की म्हणजे समस्या ठेवणार आहात तर.

पण म्हणून शब्द लबाड आहे असं नाही हां. उलट कधीकधी तोच सगळ्यात प्रामाणिक असतो. औषधांच्या संशोधनाचे पेपर काढून बघ, शीर्षकात हा शब्द सारखा भेटतो, अमुक रसायन अमुक सूज अमीलिओरेट करतं, आणि शेवटी हळूच उंदरांमध्ये किंवा घुशीच्या जातीतल्या प्राण्यांमध्ये असं असतं. लिहिणाऱ्याने क्युअर लिहिलेलं नसतं, ते मुद्दाम टाळलेलं असतं. मग तीच बातमी फॉरवर्ड होत होत तुझ्या फोनवर येईपर्यंत अमीलिओरेटचा "रामबाण उपाय सापडला" झालेला असतो. दोष शब्दाचा नाही, भाषांतर करणाऱ्याने सुधारणे आणि बरा करणे यातलं तारतम्य सोडलं त्याचा.

शेतीतपण आहे तो, मातीच्या बाबतीत अमीलिओरंट म्हणतात, आम्ल मातीत चुना घालतात, सोडियम जास्त झालेल्या मातीत जिप्सम, ती माती कसदार होईलच असं नाही पण पीक घेण्यालायक होते. इथेही तेच, आधी माती बिघडलेली होती हे गृहीतच.

भाषेच्या अभ्यासात तर शब्दांचंच अमीलिओरेशन होतं म्हणतात, म्हणजे आधी वाईट अर्थ होता तो पुढे चांगला झाला. इंग्रजीतला नाइस घे, त्याचं मूळ लॅटिन नेस्कियुस, अर्थ अडाणी, काही न कळणारा! तिथून घसरत-चढत आज नाइस म्हणजे छान. आपल्याकडे साहस तसाच. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा, लुटालूट, मारहाण असलं काही, आणि आज साहसी मुलांना बक्षीस देतात. उलटा प्रवास पण होतो, कुणाला "शहाणाच आहेस" म्हणून बघ.

किती वापरायचा? बोलताना नाही. मैत्रिणीला हेडेक अमीलिओरेट झालं सांगितलंस तर तिचं सुरू होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, रोजच्या ऑफिस मेलमध्येही शक्यतो नाही. रिपोर्ट, संशोधन, धोरणाचा मसुदा, औपचारिक अर्ज, इथे चालतो, आणि एका डॉक्युमेंटमध्ये एकदा पुरे. आणि इम्प्रूव्ह दोनदा आलं म्हणून तिसरा शब्द शोधणं हे शाळेतल्या निबंधाचं खूळ आहे बघ, तिथे एक शब्द परत आला की मार्क जायचे म्हणून आपल्या हाडात बसलंय ते. इम्प्रूव्ह तीनदा आलं तर कुणाचं काही बिघडत नाही, चुकीचा अमीलिओरेट एकदा आला तर मॅडम रेघ मारतात.

आता तुझी तीन वाक्यं घेऊन बसू.

पहिलं. सर्व्हिस एक्सलंट होती असं म्हणायचंच असेल तर अमीलिओरेट काढ. मी तर एक्सलंटपण काढेन, आपणच आपल्याला शाबासकी कशाला. "आय इम्प्रूव्ड द क्वालिटी ऑफ अवर सर्व्हिस" एवढंच, आणि पुढे कशावरून ते लिही.

दुसरं वाचून मी हसले, सॉरी. इम्प्रूव्ड द कम्प्लेन्ट्स म्हणजे लोक आधी साध्या तक्रारी करायचे आणि तू आल्यापासून एकदम दर्जेदार तक्रारी करायला लागले असं झालंय. तक्रार सुधारत नाही, मिटते, म्हणून रिझॉल्व्ह्ड. जुन्या साचलेल्या सगळ्या मिटवल्या असतील तर "क्लिअर्ड द बॅकलॉग" पण बसेल.

तिसरं मात्र बघ. स्टाफ कमी होता. माणसं भरणं तुझ्या हातात नव्हतं, म्हणजे शॉर्टेज गेलं नाही, ते होतंच. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, मी वर कापलं ते, की तू शिफ्ट्स पुढेमागे करून सगळ्यात जास्त कॉल यायच्या वेळेला दोन माणसं जास्त बसवलीस आणि लोकांचं ताटकळणं कमी झालं. स्थिती वाईट, मूळ कारण हटलेलं नाही, तरी कालच्यापेक्षा बरं. अगं हेच तर अमीलिओरेट! तू शब्द बरोबर आणलास, फक्त दोन ओळी वर ठेवलास. "आय अमीलिओरेटेड द इफेक्ट्स ऑफ द स्टाफ शॉर्टेज बाय रीअरेंजिंग शिफ्ट्स." शॉर्टेजच्या आधी इफेक्ट्स ऑफ राहू दे, कारण तू शॉर्टेज नाही, त्याचा चटका कमी केलास.

आणि इंटरव्ह्यूत समोरचा हमखास विचारेल की किती फरक पडला, तर आधी किती वेळ होल्डवर राहावं लागायचं आणि नंतर किती, हे दोन आकडे जुन्या रेकॉर्डमधनं आजच काढून ठेव.